बाटलीवाले सर आणि न मरणारा फेस

शाळेत रुजू व्हायला गेले त्या पहिल्या दिवशीच एसटीच्या कंडक्टरनं मला विचारलं, "बाटलीवाल्यांच्या शाळेत चाललाय का?" मी काही बोलायच्या आत शेजारी टोपली घेऊन बसलेली बाई हळहळली, "मानूस देवासारखा हाय, पन बाटल्यांचा नाद लय वाईट." माझे वडील मला पोचवायला सोबत होते. खालापूर सोडून गाडी कर्जतच्या अंगाला वळली तरी ते माझ्या ट्रंकेवर हात ठेवून बसले होते. थांब्यावर उतरल्यावर त्यांनी माझी ट्रंक खाली ठेवलीच नाही. परतीची गाडी कधी आहे, ते चहाच्या टपरीवर विचारत होते.

तेवढ्यात समोरून एक सायकल आली. मागे लाकडी खोकं बांधलेलं, त्यात पंचवीसतीस बाटल्या किणकिणत होत्या. सायकलवर पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला अॅसिडनं पडलेली इतकी भोकं, की आतला गंजीफ्रॉक ठिपक्याठिपक्यांनी दिसत होता. ते उतरले, वडिलांना नमस्कार केला आणि म्हणाले, "गणिताच्या बाई ना? बरं झालं आलात. माझे गुणाकार चुकतात."

वडिलांनी ट्रंक खाली ठेवली. बाटल्यांमध्ये ओढ्याचं पाणी होतं.

सर आमच्याकडे विज्ञान शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. गावात पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा घरमालकानं सामान काय आहे असं विचारलं. सर म्हणाले, "एक वळकटी आणि दोनशे बाटल्या." मालकानं भुवया वर करून विचारलं, "भरलेल्या का रिकाम्या?" सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "निम्म्या भरलेल्या आहेत. पण त्यातली पिण्यालायक एकही नाही." ती खोली मिळाली नाही. पुढे एका दयाळू म्हाताऱ्यानं आपल्या घराची पडवी त्यांना दिली, आणि त्या पडवीत खोकल्याच्या औषधाच्या, केसांच्या तेलाच्या, लोणच्याच्या, मधाच्या अशा बाटल्यांची फळ्यांवर रांग लागली. प्रत्येकीवर चिठ्ठी. 'ओढा, बांधाच्या वर.' 'ओढा, बांधाच्या खाली.' 'चिंबोरी, नांगीतलं मांस.' 'पाटलांकडचं लग्न, मसालेभात.'

मसालेभाताचं असं व्हायचं, की कुठल्याही पंगतीत सर जेवायला बसले की पहिला घास पानाच्या कडेला काढून ठेवायचे. बायका एकमेकींना खुणावायच्या, केवढा भाविक माणूस! पंगत उठायला लागली की सर खिशातून बाटली काढायचे, तो घास चमच्यानं आत ढकलायचे आणि बूच लावून तारीख घालायचे. एकदा नवरीच्या आईनं हे पाहिलं आणि तिला वाटलं, जेवणात कुणी काही कालवल्याचा संशय घेतायत. ती रडायलाच लागली. सर तिची समजूत घालायला गेले ते असं म्हणाले, "रडू नका. तुमच्या भाताला काही झालेलं नाही. निदान अजून तरी सिद्ध झालेलं नाही."

'नाही' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. शिपाई म्हणायचा, "सर, साखर नाय." सर विचारायचे, "कुठल्या पद्धतीनं नाही? डबा उघडून बघितलास की हलवून?" शिपाई म्हणायचा, "हलवून." सर उठून डबा उघडायचे आणि तळाशी चिकटलेली चमचाभर साखर खरवडून काढायचे. त्या चमचाभर साखरेचा चहा सगळ्या शिक्षकांना पुरायचा नाही, पण सरांचा चेहरा दिवसभर फुललेला असायचा.

माझं काम त्यांचे आकडे तपासायचं. मधल्या सुट्टीत ते वही आणायचे, स्वतःचं उत्तर हातानं झाकायचे आणि म्हणायचे, "तुम्ही तुमचं काढा. माझं बघाल तर माझ्या चुकीला साथ द्याल." दहा वेळांतून तीन वेळा त्यांचं उत्तर चुकलेलं असायचं. अशा वेळी मी जितकी संकोचायची तितके ते खूश व्हायचे.

शाळेची सहल माथेरानला गेली. मुलांनी चिक्की घेतली, बाकीच्या शिक्षकांनी चपला घेतल्या, सरांनी झऱ्याचं पाणी घेतलं. दोन डबे भरून. उतरताना घोडेवाला म्हणाला, "मास्तर, खाली पानी भेटत नाय का?" सर मला म्हणाले, "बाई, याला काय सांगू? हे माझं शून्य आहे." ज्या पाण्यात काहीच नसावं असं पाणी शेजारी ठेवल्याशिवाय ते कुठल्याही बाटलीबद्दल अक्षर बोलत नसत. मी गणित शिकवत होते, पण शून्य आणायला कुणी डोंगर चढून गेलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

ओढ्याचा हा नाद सुरू झाला सखूवैनींमुळे, मी रुजू व्हायच्या थोडं आधी. सखूवैनी म्हणजे ओढ्याच्या काठाला भातशेती असलेली विधवा बाई. पावसाळ्यात भात, मग त्याच ओलीवर वाल. वालाच्या शेंगा आणि ओढ्यातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायला त्या आमच्या शाळेच्या फाटकाशी बसायच्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना आला होता. भांड्याला आणि कापडाला काहीच चिकटू नये असा लेप तिथे तयार व्हायचा. तिथल्या बांधाच्या लगेच खाली पाइपातून कारखान्याचं पाणी ओढ्यात यायला लागलं तसा बांधापाशी पांढरा फेस साचायला लागला. पोरं त्याच्या दाढ्यामिशा लावून खेळायची. म्हशी पाण्यातून बाहेर आल्या की म्हाताऱ्या ऋषींसारख्या दिसायच्या. सगळ्या गावाला त्या फेसाची गंमत वाटत होती.

सखूवैनी एक दिवस सरांना म्हणाल्या, "सर, साबनाचा फेस घटकाभरात बसतो. ह्यो मरत नाय. काल मडक्यात भरून ठिवला, आज बी तसाच. काय हाय ह्यो?"

सर शेंगा घ्यायला गेले होते. शेंगा तिथेच ठेवून ते मडकं बघायला गेले.

कारखान्यातल्या एका कामगाराकडून त्यांना एवढंच कळलं, की आत जे रसायन वापरतात त्यात फ्लोरीन आहे. सरांनी ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवल्या. उत्तर आलं, फ्लोरीन आढळला नाही. गावानं सुटकेचा श्वास टाकला. हेडसरांनी तर जास्तच, कारण नव्या वर्गखोल्यांवर पत्रे घालून द्यायचं कारखान्यानं कबूल केलं होतं.

सरांना मात्र राग आला नाही. ते म्हणाले, "त्यांचं उत्तर अगदी बरोबर आहे. माझा प्रश्न चुकला. त्यांची चाचणी मोकळा फ्लोरीन शोधते. हा गडी कार्बनचा हात घट्ट धरून बसलाय. हात सुटल्याशिवाय तो ओळख द्यायचा नाही. आणि हात सुटायला त्याला जाळावं लागतं."

जाळायचं म्हणजे नुसत्या हवेत नाही, प्राणवायूनं भरलेल्या चंबूत. प्राणवायू शाळेत कुठला? शिळफाट्याला एक वेल्डिंगचं दुकान होतं, त्याच्याकडे सिलिंडर होता. सरांनी शाळेच्या फुटबॉलचा ब्लॅडर काढला, शिळफाट्याहून त्यात प्राणवायू भरून आणला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "ह्याचं तिकीट?" सर म्हणाले, "यात हवाच आहे." मग खोटं बोलल्याचं मनाला लागलं म्हणून पुढच्या थांब्यावर सांगितलं, "हवा म्हणजे निव्वळ प्राणवायू. कृपा करून विडी विझवा." सगळी गाडी त्यांच्यापासून लांब सरकली. खेळाचे मास्तर महिनाभर ब्लॅडर शोधत होते. मी माहीत असून गप्प बसले, हे आज कबूल करते.

मी तो प्रयोग पहिल्यांदा पाहिला तो एका शनिवारी, शाळा सुटल्यावर. सुकवलेल्या फेसाची चिमूट कागदात गुंडाळून सरांनी प्लॅटिनमच्या तारेला अडकवली, पेटवली आणि चंबूत सोडून बूच दाबून धरलं. आत लख्ख उजेड झाला. धूर तळाच्या पाण्यात जिरला. ते पाणी सरांनी एका तांबड्या द्रावणात ओतलं. फ्लोरीन नसेल तर तांबडं तांबडंच राहायचं. माथेरानच्या पाण्याचं राहिलं होतं, न जाळलेल्या ओढ्याच्या पाण्याचंही राहिलं होतं. हे आमच्यासमोर फिकं होत होत पिवळं झालं.

मला वाटलं सर आनंदानं ओरडतील. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाई, हे खरं निघायला नको होतं."

मग त्यांनी दिसेल ते जाळायला घेतलं. त्यात एक घोटाळा झाला. शाळेसमोरच्या टपरीतली चहाची पूड जाळली, ती भरपूर पिवळी निघाली. सरांनी शिक्षकांच्या खोलीत सूचना लावली, चहा घेऊ नये. टपरी दोन दिवस ओस पडली. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांना सापडलं, की चहाच्या पानात फ्लोरीन जात्याच असतो आणि त्याचा ओढ्याशी काही संबंध नाही. सर तडक टपरीवर गेले, बाकड्यावर उभे राहिले आणि भर रस्त्यात म्हणाले, "मी चुकलो. या गृहस्थाचा चहा निर्दोष आहे." नंतर प्रायश्चित्त म्हणून लागोपाठ पाच कप चहा प्यायले. टपरीवाला सगळ्यांना सांगायचा, "सर येडे हायत, पन चुकलं तर चुकलं म्हंतात. आमचे पुढारी म्हंतात का?"

त्या चुकीपासून ते अधिकच काटेकोर झाले. बांधाच्या वरचं आणि खालचं, जाळलेलं आणि न जाळलेलं, असे चार चार नमुने प्रत्येक गोष्टीचे. आकडे माझ्याकडे. आणि आकडे एकच सांगत होते. बांधाच्या वरच्या चिंबोऱ्या स्वच्छ, खालच्या नाहीत. वरचं भात स्वच्छ, सखूवैनींचं नाही.

ग्रामसभेत सरांनी हे मांडलं तेव्हा मारुतीच्या देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. कारखान्याचे साहेब आले होते, पुण्याकडचा तिशीतला उमदा माणूस. गावातल्या कितीतरी घरांतला एकेक जण त्यांच्या हाताखाली कामाला होता. सरांनी तांबड्यापिवळ्या नळ्या दाखवल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, ओढ्याचं पाणी तांब्यातून मागवलं, पेल्यात ओतलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले.

"काय झालं मला?" ते हसत म्हणाले.

गाव टाळ्या वाजवायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "सर, आता तुमचा तांबडा रंग तुमीच पिऊन टाका!" मीसुद्धा मान खाली घातली. सर मात्र पुढे गेले, साहेबांच्या हातातला पेला घेतला, किती पाणी प्यायलं गेलं ते डोळ्यांसमोर धरून बघितलं आणि वहीत लिहिलं. मग अगदी मनापासून म्हणाले, "साहेब, हे करायला नको होतं. एका पेल्यानं काही होत नाही हे खरं. पण ते शरीरातून लवकर जात नसावं, अशी मला भीती आहे. मी अधूनमधून तुमच्या तब्येतीची चौकशी करायला येत जाईन."

लोक आणखी हसले. त्यांना तो टोमणा वाटला. सरांना टोमणा मारता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. "तात्पुरती," ते म्हणाले. सरांनी विचारलं, "कुठल्या पद्धतीनं तात्पुरती?" हेडसर माणूस वाईट नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "पोरं उन्हात बसतात हो. मला पत्रे हवेत." सरांनी किल्ली दिली आणि चंबू पडवीत नेला.

साहेबांच्या घरी ते खरंच जायला लागले. दर महिन्याला, रविवारी सकाळी, सायकलवरून. साहेबांनी पहिल्यांदा त्यांना फाटकावरूनच वाटेला लावलं. दुसऱ्यांदा नोकराकरवी निरोप दिला, साहेब घरी नाहीत. त्यावर सरांनी काय विचारलं असेल ते सांगायला नको. तिसऱ्यांदा साहेबांच्या बायकोनं त्यांना आत बोलावून पोहे दिले. तिला दिवस गेले होते. सरांनी पोहे खाल्ले, एक घास बाटलीत भरला, आणि घरात पाणी कुठल्या विहिरीचं येतं एवढंच विचारून परत आले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुपारी मी पडवीत आकडे तपासत बसले होते, तर दारात साहेब. हातात दुधाची बाटली, तीत पाणी. बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले.

"आमच्या विहिरीचं आहे," ते म्हणाले. "जाळून बघा."

सरांनी पाणी आटवायला ठेवलं. तासभर आम्ही तिघं त्या भांड्याकडे बघत होतो. मग कागद, तार, उजेड, धूर. तांबडं फिकं झालं. साहेब वाकून बघत होते. पिवळं झालं तसे ते खाली बसले.

ते म्हणाले, "सर, हे कुणाला सांगू नका."

सर म्हणाले, "मी सगळ्यांना सांगून बसलोय, साहेब. कुणी ऐकलं नाही, एवढंच."

साहेबांनी वर मुंबईच्या ऑफिसात काय भांडण केलं ते मला ठाऊक नाही. पण दिवाळीच्या आत ओढ्यात येणारा पाइप बंद झाला आणि कारखान्याचं पाणी पिंपांत भरून ट्रकनं बाहेर जायला लागलं. गावाला वाटलं प्रकरण मिटलं. सर साहेबांना विचारत राहिले, "ट्रक कुठे जातो?" साहेब दर वेळी म्हणायचे, "ते मला सांगत नाहीत." पुढे त्यांनी ती नोकरी सोडली आणि खोपोलीत दुसरीकडे लागले. मुलगी झाली होती, चांगली गुटगुटीत. सर तिलाही बघायला जायचे आणि तिच्या आईला हजार प्रश्न विचारायचे.

फेस गेला. भात मात्र पिवळंच निघत राहिलं. पाइप बंद झाल्यानंतरच्या पिकाचंही. सर ते सांगायला सखूवैनींकडे गेले तेव्हा मी सोबत होते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, कार्बनचा हात वगैरे. सखूवैनींनी ऐकलं आणि विचारलं, "मंग मी काय खाऊ, सर?"



आठवड्यानं ते बैलगाडी घेऊन सखूवैनींच्या अंगणात हजर. गाडीत कर्जतच्या बाजारातून आणलेलं भात. "एका पोत्याला एक पोतं," ते म्हणाले. "तुमचं मला द्या, हे तुम्ही ठेवा. मला तपासायला लागतं." तपासायला चिमूटभर लागतं हे सखूवैनींना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी आपली पोती बाहेर काढून दिली. पुढे दर सुगीला हेच चाललं. सर ते भात खाऊ शकत नव्हते, विकू शकत नव्हते, कुणाच्या कोंबड्यांनाही घालू देत नव्हते. पोती पडवीत चढत गेली. बाटल्यांच्या फळ्या झाकल्या, खिडकी झाकली. शेवटी सर पोत्यांवरच वळकटी टाकून झोपायला लागले. घरमालक म्हातारा म्हणायचा, "सगळ्या तालुक्यात येवढा श्रीमंत मास्तर दुसरा नाय, आन् रातच्याला खिचडीला तांदूळ माझ्याकडनं मागतो."

सर निवृत्त झाले, पुतण्याकडे जायचं ठरलं, तेव्हा खरी पंचाईत झाली. पोत्यांचं करायचं काय? ओढ्यात टाकलं तर पुन्हा ओढ्यात. पुरलं तर विहिरीत. सरांनी हिशेब मांडून एकच वाट काढली, वीटभट्टी. त्या आचेत हात सुटेल असा त्यांचा अंदाज होता. "अंदाज," ते मला दोनदा म्हणाले, "खात्री नाही, बाई."

साहेबांनी खोपोलीहून टेंपो आणला आणि स्वतः पोती उचलली. भट्टीवाल्यानं पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला आणि मागे सरला. "तूस आना, सर, पायजेल तेवढं जाळतो. भात नाय जाळनार. अन्न हाय ते." सरांनी समजावलं, साहेबांनी समजावलं. तो हात जोडून उभा राहिला.

सखूवैनी पायवाटेनं येताना दिसल्या. त्यांना कुणी कळवलं होतं कोण जाणे. येऊन त्या पोत्याशी बसल्या, ओंजळभर भात घेतलं, निरखून पाहिलं. दाणा टपोरा होता.

"सर, नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"या भाताबद्दल नक्की," सर म्हणाले.

"मंग ह्या भट्टीवाल्याला पाप कशाला? पेरलं मी, कापलं मी. मीच घालते." त्यांनी पदर खोचला, ओंजळ कपाळाला लावली आणि भट्टीच्या तोंडातून आत सोडली. मग सूप मागून घेतलं. सूपभर, पुन्हा सूपभर. भाताचा तडतड आवाज होत होता आणि लाह्या भाजल्यासारखा वास सुटला होता. कुणी मदतीला पुढे झालं तर त्या कोपरानं दूर करायच्या.

शेवटचं पोतं रिकामं झालं. सखूवैनी कपाळ पुसत वळल्या, तर सर खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावत होते.

"अवो सर! ह्ये काय करताव!" त्या उडी मारून मागे झाल्या.

सर उभे राहिले. साहेबांनी रिकामी पोती एकेक करून गोळा केली, सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. साहेबांनी तीही आत टाकली. मग धूर अंगावर येऊ नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सरांनी बोटानं दाखवलं तिथे, आम्ही सगळे उभे राहिलो, भट्टीवालासुद्धा. ऊन उतरेपर्यंत कुणी घरी जायचं नाव काढलं नाही.